टाच बसली तरच बूट बसला: घोट्याच्या दुखापतीचे बूट, ब्रेस आणि बायंडर

सर्जिकलच्या दुकानात नुसतं ‘वॉकर द्या’ म्हटलं की काउंटरवर चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर येतो, आजोबांना धरून चालायला देतात तो. घोट्याचं किंवा पावलाचं हाड मोडल्यावर लागतो तो ‘वॉकर बूट’. चिठ्ठीवर कधी ‘कॅम वॉकर’ लिहिलेलं असतं, कधी ‘एअर वॉकर’, कधी ‘आरओएम वॉकर’. कॅम म्हणजे घोट्याची हालचाल ताब्यात ठेवणारा, एवढंच. एअरमध्ये हवेच्या पिशव्या असतात, आरओएममध्ये बिजागरी. दुकानदार शेल्फवर जे असेल ते काढतो, चपलेचा नंबर विचारतो आणि पिशवीत भरतो. आपणही ‘बसतोय ना’ म्हणून पैसे देतो. बोटं आत मावली म्हणजे बूट बसला असं नाही, टाच मागे टेकली तरच तो बसला. पावलाच्या जवळजवळ सगळ्याच साधनांची पारख इथून सुरू होते.

आधी बूट हातात घ्या. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या किंवा अख्खं प्लास्टिकचं कवच, आत फोमचं लायनर, समोर वेल्क्रोचे पट्टे आणि खाली पुढे-मागे वर वळलेला तळ. हा गोलसर तळ म्हणजे बुटाचा जीव. एरवी चालताना घोटा वाकतो म्हणून अंग पुढे सरकतं. इथे घोटा वाकू द्यायचा नाही, म्हणून ते काम तळाने डुलत्या खुर्चीच्या पायासारखं करायचं असतं. रिकामा बूट फरशीवर ठेवा आणि पुढचं टोक बोटाने दाबा. टाच सहज उचलली गेली तर ठीक. स्वस्तातल्या काही बुटांचा तळ जवळजवळ सपाट असतो. त्यांनी पाय स्थिर राहतो, पण चालताना गुडघा मागे ढकलला जातो किंवा माणूस पाय बाहेर फेकत चालतो, आणि आठवडाभरात घोट्याऐवजी गुडघ्याची तक्रार सुरू होते. अशा बुटात वाचलेले पाचशे रुपये महाग पडतात.

उंचीचा प्रश्न लोक सोयीने सोडवतात. आखूड बूट हलका, पँटखाली लपणारा, म्हणून तोच हवा असतो. पण उंच बूट नडगीला लांबपर्यंत धरून ठेवतो आणि म्हणूनच घोटा हलत नाही. आखूड बुटात नडगी वरच्या कडेवरून पुढे झुकते, आणि ती झुकली की घोटा वाकलाच. चवड्याजवळची हाडं मोडली असतील, बोटाचं फ्रॅक्चर असेल किंवा घोटा बऱ्यापैकी मुरगळला असेल तर आखूड चालतो. घोट्याचं फ्रॅक्चर, नडगीच्या खालच्या टोकाची दुखापत आणि टाचेमागचा दोर तुटणं, या तिन्हींना उंचच हवा. अर्थात डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

उंच बुटाची वरची कड कुठे येते ते नीट बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटांना गोटीएवढं हाड लागतं. त्याच्या खालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. बुटाची कड त्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली हवी. उंची कमी असलेल्या माणसाला मोठ्या मापाचा बूट दिला की कड नेमकी तिथे टेकते. पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येऊ लागतात आणि दुर्लक्ष केलं तर अंगठा वर उचलणंही जड जातं. हा त्रास सुजेचा समजून पट्टे आणखी आवळणारे असतात, आणि त्याने तो वाढतो.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण तेव्हा सूज जास्त असते. टायनॉर, विस्को यांसारख्या कंपन्यांचे तक्ते वेगवेगळे असतात, त्यामुळे एका कंपनीत ‘मीडियम’ लागतो म्हणून दुसरीत तोच मागवू नये. ऑनलाइन घेतलं तर परतीचे नियम आधी वाचा. अंगाला लागणारी वस्तू म्हणून उघडलेला बूट बऱ्याचदा परत घेत नाहीत. भारतीय बनावटीचा उंच, बिनहवेचा बूट साधारण दोन ते चार हजारांत मिळतो. परदेशी बूट त्याच्या कितीतरी पट महाग. सहा आठवड्यांच्या साध्या फ्रॅक्चरला भारतीय बूट पुरतो. महाग बुटाचा खरा फायदा लायनरच्या कापडात आणि वजनात असतो, हाड जुळण्यात नाही.

आता घालायची पद्धत. चूक नव्वद टक्के वेळा इथेच होते असं म्हटलं तरी अतिशयोक्ती नाही. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर. आत लांब सुती मोजा, पोटरीच्या वर जाईल असा आणि सुरकुती नसलेला. एक सुरकुती दिवसभर दाबली गेली की तिथे फोड येतो. बुटाचे सगळे पट्टे सोडा, लायनर पूर्ण उघडा. पाय आत ठेवला की टाच मागे सरकवा आणि लायनरच्या मागच्या भिंतीला टेकली का ते बोट घालून बघा. मध्ये बोट शिरत असेल तर टाच बसलेली नाही. मग लायनरची पावलावरची घडी आधी मिटवा, नडगीवरची नंतर.

पट्ट्यांचा क्रम बहुतेक पत्रकांत बोटांकडून वर असा दिलेला असतो. तो बरोबर आहे, फक्त त्याआधी घोट्यासमोरचा तिरका पट्टा हलका लावून टाच मागे अडकवून ठेवावी. मग बोटांकडचे पट्टे, एक बोट सरकेल इतके सैल. मग वर नडगीकडे. शेवटी घोट्याचा पट्टा परत आवळा. दहा पावलं चालल्यावर सगळे एकदा ओढून घ्या, कारण फोम दबतो. टाच आत वर-खाली होत असेल तर वरचे पट्टे कितीही आवळले तरी उपयोग नाही. सगळं सोडून पहिल्यापासून घालावं लागतं. बोटं तळाच्या कडेच्या आत राहायला हवीत. टाच मागे टेकूनही ती बाहेर डोकावत असतील तर बूट लहान आहे.

हवेच्या बुटात दोन बाजूंना पिशव्या असतात आणि छोट्या पंपाने त्या फुगवतात. याचं कौतुक जरा जास्तच होतं. हवा हाड जुळवत नाही, ती फक्त मोकळी जागा भरते. सूज रोज कमी-जास्त होत असेल किंवा पोटरी बारीक असेल तर ती खरंच कामाची आहे. नाहीतर पंप हरवला की संपलं. आधी पट्टे लावायचे, मग उभं राहून थोडी थोडी हवा भरायची आणि पाय धरला गेला असं वाटताच थांबायचं. उलट्या क्रमाने, म्हणजे हवा भरून वरून पट्टे आवळले तर दाब कुठे किती आला हे कळत नाही. अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी झालं नाही, बोटं निळसर किंवा बधिर झाली, तर हवा सोडा. बसताना, झोपताना थोडी कमी करावी. विमानात वर गेल्यावर पिशव्या फुगतात, तेव्हा उड्डाणाआधीच हवा काढून ठेवावी.

आरओएम बुटाच्या बिजागरीत खिळे किंवा बटणं असतात, त्यांनी घोटा किती अंशांपर्यंत हलू द्यायचा ते ठरवतात. बिजागरीचा मध्य घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या रेषेत यायला हवा. टाच पुढे सरकली की ही रेषा चुकते आणि बूट एका जागी वाकतो, घोटा दुसऱ्या. अंश बदलणं हे डॉक्टरांचं काम. आपलं काम आठवड्यातून एकदा स्क्रू तपासण्याचं, कारण ते हमखास ढिले होतात.

प्लास्टर काढून बूट दिला की घरच्यांना वाटतं उपचार हलका केला. तसं नाही. फिनलंडमध्ये स्थिर प्रकारच्या घोट्याच्या फ्रॅक्चरवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन आठवड्यांचं प्लास्टर किंवा साधा ऑर्थोसिस, म्हणजे बाहेरून बांधायचा काढता-घालता येणारा आधार, सहा आठवड्यांच्या प्लास्टरपेक्षा मागे पडला नाही. पण ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तो एक्स-रे बघून डॉक्टरच म्हणू शकतात. बूट काढता येतो याचा अर्थ कधीही काढावा असा नाही. आंघोळीला काढायचा का, रात्री काढायचा का, हे दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या.

पायावर भार किती द्यायचा हेही तसंच. चिठ्ठीवर ‘एनडब्ल्यूबी’ असेल तर पाय टेकायचाच नाही, बूट असला तरी. ‘वीस किलो भार’ असं सांगितलं असेल तर अंदाजाने चालू नका. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून बुटाचा पाय त्यावर आणि दुसरा पाय तेवढ्याच उंच पाटावर ठेवा, कुबड्यांवर रेलून काट्यावर वीस येईपर्यंत दाबा, आणि तो दाब लक्षात ठेवा. दोन दिवसांत अंगवळणी पडतं. एकच काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आपल्या घरांत एक अडचण हटकून येते. बुटाचा तळ जाड, त्यामुळे तो पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर उंच होतो, आणि घरात आपण अनवाणी. एक पाय उंच आणि एक फरशीवर अशा चालीने पंधरा दिवसांत कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट हवा, घरातसुद्धा. त्यासाठी धुतलेली, फक्त घरात वापरायची एक वेगळी जोडी ठेवली की सोवळ्याओवळ्याचा प्रश्नही मिटतो. भारतीय पद्धतीच्या संडासात बूट घालून बसता येत नाही. घोटा वाकत नसल्याने अंग मागे जातं. त्या काळापुरती कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते.

पावसाळ्यात तर बुटाची परीक्षाच. ओल्या फरशीवर गोलसर तळ घसरतो, विशेषतः झिजलेला. तळाची नक्षी गेली असेल तर बाहेर पडू नका. भिजलेलं लायनर दोन दिवस वाळत नाही, म्हणून लांब उपचार असेल तर दुसरं लायनर आधीच घ्या. थंड पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. वेल्क्रोत केस, धागे, चिखल अडकला की पट्टा अर्ध्या रस्त्यात सुटतो. जुन्या टूथब्रशने आठवड्याला एकदा साफ करा. उजव्या पायाला बूट असताना गाडी चालवायची नाही, कारण ब्रेकचा अंदाज येत नाही. डावा असला तरी स्कूटर नको. सिग्नलला पाय टेकवायला लागतोच.

एक धोक्याची खूण सगळ्यांना माहीत असायला हवी. बुटातल्या किंवा प्लास्टरमधल्या पायाची पोटरी अचानक दुखायला लागली, सुजली, गरम वाटली तर रक्ताची गाठ असू शकते. पट्टे सैल करून बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

टाचेमागची ‘नस तुटली’ असं लोक म्हणतात. ती नस नव्हे, पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा अकिलीसचा दोर. इथे बुटात टाचेखाली पाचरी घालतात, म्हणजे पाऊल खाली झुकतं आणि तुटलेली टोकं जवळ येतात. पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे एकेक पाचर काढायची. गफलत अशी, की पाचर टाचेखाली न राहता पुढे सरकते आणि पावलाच्या मध्याखाली येते. मग झुकते ती पावलाची मधली कमान, घोटा नाही, आणि टोकं लांबच राहतात. पाचरींना वेल्क्रो असेल तोच संच घ्या. नसेल तर रोज लायनर उघडून जागा तपासा. ब्रिटनमध्ये ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांना प्लास्टर आणि असा पाचरींचा बूट या दोन्हींनी नऊ महिन्यांनंतर सारखाच फायदा झाला. पण त्यातला बूट ठरल्याप्रमाणे घातलेला होता, टीव्ही बघताना काढून ठेवलेला नव्हता.

नुसता मुरगळला असेल तर? बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे, बहुतेक वेळा दुखावतात, कारण पाऊल आत वळतं. साधन घेण्याआधी चार गोष्टी बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर नेमकं हाड दुखतं का? करंगळीकडच्या कडेला मधोमध जे हाड वर येतं ते दुखतं का? आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावर? चार पावलं टाकता येतात का? यातलं एकही हाड दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर आधी एक्स-रे. हे कॅनडातल्या ओटावाचे नियम, १९९२ पासून जगभर वापरले जातात. हळदीचा लेप लावून वर फडकं आवळल्याने घोटा स्थिर होत नाही, फक्त पुढे लायनर पिवळं होतं. ताज्या सुजेवर गरम तेलाचं मालिश तर नकोच.

क्रेप बँडेज घोट्याला दहा सेंटिमीटर रुंदीचं लागतं. सहा इंची घेतलं तर वळणावर गोळा होतं. बोटांच्या मुळाशी दोन वेढे, मग पावलावरून इंग्रजी आठच्या आकाराने घोट्यामागे आणि परत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. खाली जरा घट्ट, वर जाताना सैल. टाच मोकळी सोडायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. मग सूज त्याच खिडकीतून बाहेर येते आणि टाचेच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लोंबतात. टाच झाका. रात्री सोडा. क्रेप सूज आवरतं, घोटा सावरत नाही, हे ध्यानात असू द्या.

दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो ओढून घालायचा बायंडर, आणि ताज्या मुरगळीला सगळ्यात कमी उपयोग त्याचाच. तो पाय उबदार ठेवतो, ‘घोटा आहे’ याची आठवण देतो, पण पाऊल आत वळू नये म्हणून काहीही करत नाही. निओप्रीनचा असेल तर उन्हाळ्यात पुरळ येतं. त्याऐवजी स्टिरप ब्रेस घ्या: दोन बाजूंना प्लास्टिकची कवचं आणि टाचेखालून जाणारा रुंद पट्टा. तो पाय वर-खाली होऊ देतो, आत-बाहेर वळू देत नाही. आधी टाचेखालच्या पट्ट्याची रुंदी जुळवायची, मग पट्टे. डावा-उजवा वेगळा असतो, डब्यावर बघून घ्या. याला लेसचा बूट हवाच. चपलेत तो पहिल्या वळणावर फिरतो आणि मग ब्रेस वाईट ठरतो. कबड्डी, व्हॉलीबॉल परत सुरू करताना लेसवाला ब्रेस. त्याचा आडवा पट्टा आतल्या बाजूने निघून तळव्याखालून बाहेरच्या बाजूला वर ओढला गेला पाहिजे. उलटा ओढलात तर पाऊल ज्या दिशेने मुरगळलं त्याच दिशेला ढकलत आहात.

टाचदुखीच्या सिलिकॉन कपांबद्दल एवढंच: दोन्ही बुटांत घाला, एकात नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी यातलं बरंच बदलतं. तळव्याची जाणीव गेली असेल तर बूट टोचतोय हे कळतच नाही. अशा माणसाचा एक घोटा लाल, सुजलेला आणि गरम असेल, दुखत मात्र फारसं नसेल, तर ती ‘मुरगळ’ नसून हाडं ढासळण्याची सुरुवात असू शकते, डॉक्टर त्याला शार्को म्हणतात. त्वचेवर लावायच्या थर्मामीटरने दोन पायांत दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक आला तर क्रेप बांधून थांबू नका. तळव्याला जखम असेल तर वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रूढ केलेलं, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर अजूनही सर्वांत भरवशाचं. कारण साधं आहे: ते काढता येत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही रुग्णांच्या कमरेला एक आणि बुटात एक असं मोजयंत्र बसवलं, तेव्हा दिवसभराच्या हालचालींपैकी फक्त २८ टक्के बूट घालून झालेल्या निघाल्या. म्हणून काही डॉक्टर साधा वॉकर बूट घालून वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून टाकतात. स्वस्त आणि चांगला उपाय. जखमेत जंतुसंसर्ग असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर मात्र पाय असा बंद करायचा नाही.

बूट वापरलेला मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं कुबड्या, कमोड, खाटा अनामत घेऊन वापरायला देतात, क्वचित बूटही मिळतो. बाजूच्या पट्ट्या एका रेषेत आहेत का, तळ कुठे सुटलाय का, घोट्याचा पट्टा दोनदा ओढल्यावर धरतो का, हे तपासा. लायनर नवीनच हवं. ते वेगळं मिळत नसेल तर तो बूट सोडून द्या, कारण दुसऱ्याच्या टाचेने दबलेल्या फोममध्ये आपली टाच बसत नाही.